‘मिस लव्हली’ : काहींना थोर, काहींना कंटाळवाणा वाटणारा हा सिनेमा नेमका आहे तरी काय?

नवाजुद्दीन सिद्दीकीचे सिनेमे कोणते, असं विचारलं की ‘गँग्स ऑफ वासेपूर’, ‘द लंचबॉक्स’, ‘मांझी’ ही नावं पटापट पुढे येतात. ‘मिस लव्हली’चं नाव क्वचितच कुणी घेतं. ज्यांनी तो पाहिलाय त्यांच्यात सरळ दोन गट पडतात. एक गट म्हणतो, मुंबईच्या अंधाऱ्या बाजूवर असा सिनेमा पुन्हा झाला नाही. दुसरा गट म्हणतो, दोन तास बघितला पण गोष्ट काय होती तेच कळलं नाही.

गंमत अशी की दोन्ही गटांच्या म्हणण्यात तथ्य आहे. हा सिनेमा असा का बनला, तो कोणत्या धंद्याबद्दल आहे आणि त्या धंद्याचा वऱ्हाडातल्या थिएटरांशी काय संबंध, हे समजून घेतलं की या भांडणाचा उलगडा होतो.

थोडक्यात माहिती

- दिग्दर्शक : आशिम अहलुवालिया
- प्रमुख कलाकार : नवाजुद्दीन सिद्दीकी, अनिल जॉर्ज, निहारिका सिंग
- छायाचित्रण : के. यू. मोहनन
- भाषा : हिंदी
- पहिला खेळ : कान चित्रपट महोत्सव, मे २०१२ (‘अन सर्टेन रिगार्ड’ विभाग)
- भारतात प्रदर्शित : १७ जानेवारी २०१४
- प्रमाणपत्र : ‘ए’, म्हणजे फक्त प्रौढांसाठी
- राष्ट्रीय पुरस्कार : ६१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष ज्युरी पुरस्कार आणि सर्वोत्कृष्ट निर्मिती संरचना

मराठी प्रेक्षकांसाठी एक जोड माहिती. त्या वर्षीचा विशेष ज्युरी पुरस्कार दोन सिनेमांना विभागून मिळाला होता. एक ‘मिस लव्हली’ आणि दुसरा महेश लिमये यांचा मराठी ‘यलो’. डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू मुलीची गोष्ट आणि सी-ग्रेड सिनेमावाल्या दोन भावांची गोष्ट, एकाच यादीत शेजारी शेजारी!

गोष्ट काय आहे?

काळ १९८० च्या दशकाचा. मुंबईत दुग्गल आडनावाचे दोन भाऊ स्वस्तातले सिनेमे बनवतात. अर्धं भूत, अर्धं अंगप्रदर्शन, असा त्यांचा माल. थोरला व्हिकी (अनिल जॉर्ज) धंद्यात मुरलेला, दांडगट आणि निर्दय. धाकटा सोनू (नवाजुद्दीन) भावाच्या मागे मागे फिरणारा, पडेल ते काम करणारा.

सोनूला या सगळ्याची शिसारी आलेली असते, पण बाहेर पडायचं धाडस नसतं. अशात त्याला पिंकी (निहारिका सिंग) नावाची नवखी मुलगी भेटते. तो तिच्यात गुंततो आणि ठरवतो की हिला घेऊन आपण एक स्वच्छ प्रेमकथा काढायची. त्या न बनलेल्या सिनेमाचं नाव ‘मिस लव्हली’.

इथून पुढे पैसा, फसवणूक, भावाभावांतलं वैर आणि गुन्हा असा प्रवास होतो. पिंकी सोनूला वाटते तशी आहे का, हा प्रश्न सिनेमा शेवटपर्यंत टांगता ठेवतो. त्याचं उत्तर इथे वाचण्यापेक्षा सिनेमातच पाहावं.

कागदावर ही गोष्ट अगदी ओळखीची वाटते. दोन भाऊ आणि एक बाई, यावर हिंदीत शेकड्याने सिनेमे निघालेत. पण ‘मिस लव्हली’ ही गोष्ट सलग सांगत नाही, आणि भांडणाला इथेच तोंड फुटतं.

सी-ग्रेड सिनेमा म्हणजे नक्की काय?

ए, बी आणि सी ही सरकारी वर्गवारी नाही, ती धंद्यातली भाषा आहे. मोठे स्टार, मोठं बजेट आणि शहरातली मोठी थिएटरं म्हणजे ए-ग्रेड. त्याखालचे बी. रामसे बंधूंचे ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२), ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘वीराना’ (१९८८) हे भयपट बहुतेक लोक बी-ग्रेडमध्ये धरतात. ‘पुराना मंदिर’ने तर भल्याभल्यांना हेवा वाटावा असा गल्ला जमवला होता.

त्या यशानंतर भूत आणि अंगप्रदर्शन यांचं मिश्रण स्वस्तात बनवणाऱ्यांची रांग लागली. कमी दिवसांत शूटिंग उरकायचं, मढ बेटावरचा एखादा बंगला भाड्याने घ्यायचा, नवखे किंवा काम सुटलेले कलाकार घ्यायचे आणि पोस्टर मात्र भडक छापायचं. हा झाला सी-ग्रेड.

यातला सगळ्यात काळा प्रकार होता ‘बिट’ जोडण्याचा. सेन्सॉरपुढे सिनेमाची साळसूद प्रत जायची आणि प्रमाणपत्र मिळायचं. नंतर थिएटरात मूळ सिनेमाशी काहीही संबंध नसलेले उघडेवाघडे तुकडे मध्येच जोडून दाखवले जायचे. ऑपरेटर तुकडा लावायचा आणि छापा पडण्याची कुणकुण लागली की काढून टाकायचा. प्रेक्षकही त्या तीन-चार मिनिटांसाठीच तिकीट काढून बसलेला असायचा. हे तुकडे लावण्याची पद्धत देशाच्या अनेक भागांत होती. केरळात त्याला ‘तुंडु’ हा खास शब्दच आहे.

हा सरळसरळ गुन्हा होता आणि आजही आहे. सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ च्या कलम ७ नुसार प्रमाणपत्र मिळाल्यानंतर सिनेमात फेरफार करून तो दाखवला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. दुग्गल बंधूंचा धंदा याच चोरवाटेवर चालतो. पोलीस, दलाल, फायनान्सर आणि गुंड त्यांच्याभोवती का घुटमळतात, त्याचं कारणही हेच.

रिळं वऱ्हाडात कशी पोहोचायची?

हे सिनेमे बनायचे मुंबईत, पण त्यांचा पैसा मुंबईत वसूल होत नसे. तो यायचा लहान शहरांतून आणि तालुक्यांच्या गावांतून.

सिनेवितरणाच्या धंद्यात देश ‘टेरिटरी’ किंवा ‘सर्किट’मध्ये वाटलेला असतो आणि हे नकाशे राज्यांच्या सीमा पाळत नाहीत. पश्चिम महाराष्ट्र ‘बॉम्बे’ टेरिटरीत, मराठवाडा ‘निजाम’मध्ये आणि विदर्भ ‘सी.पी. बेरार’मध्ये. सी.पी. अँड बेरार म्हणजे मध्यप्रांत आणि वऱ्हाड. इंग्रजांच्या काळातला हा प्रांत राज्य म्हणून कधीच संपला आणि १९५६ साली विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला, पण सिनेमाच्या धंद्याने ते नाव सोडलं नाही. या सर्किटच्या वितरणाचं एक मोठं ठाणं होतं अमरावती.

म्हणजे अकोला जिल्ह्यातल्या पातूरसारख्या गावापर्यंत सिनेमा यायचा तो या साखळीतून. रेणुकामाता आणि डोंगरात कोरलेल्या लेण्यांसाठी ओळखलं जाणारं हे तालुक्याचं गाव अकोला-वाशिम रस्त्यावर आहे. अशा गावांच्या नशिबी नवा कोरा सिनेमा नसायचा. मोठ्या शहरांत आठवडेच्या आठवडे फिरून ओरखडे पडलेली प्रिंट पत्र्याच्या पेटीतून रेल्वेने आणि एसटीने पुढे पुढे सरकायची. जत्रांमध्ये टुरिंग टॉकीजचे तंबू लागायचे. महाराष्ट्रातल्या या फिरत्या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) हा सुंदर माहितीपट केलाय, तोही कानला पोहोचला होता.

या साखळीच्या टोकाला असलेल्या थिएटरमालकाचं गणित सोपं होतं. मोठ्या सिनेमाची प्रिंट महाग आणि उशिरा मिळणार. सी-ग्रेडची प्रिंट स्वस्तात आणि लगेच मिळणार. मॉर्निंग शो आणि मॅटिनीला रिकाम्या खुर्च्या ठेवण्यापेक्षा हा माल परवडायचा. ज्या गावात लैंगिकतेबद्दल घरात बोलणं नाही आणि शाळेत शिकवणं नाही, तिथे प्रेक्षकांची वानवा नव्हती. तोंडाला रुमाल बांधून, दिवे मालवल्यावर आत शिरणारा आणि दिवे लागायच्या आत बाहेर पडणारा प्रेक्षक हा या धंद्याचा खरा आधार होता.

‘मिस लव्हली’ या थिएटरांत फारसा डोकावत नाही. पण व्हिकी ज्या पैशासाठी माणसं पायाखाली तुडवतो तो पैसा अशाच थिएटरांच्या खिडकीवर जमा झालेला असतो, हे लक्षात ठेवून सिनेमा पाहिला तर त्याचं वजन वाढतं.

माहितीपट करायचा होता, झाला सिनेमा

आशिम अहलुवालिया मूळचे मुंबईचे, शिक्षण अमेरिकेतल्या बार्ड कॉलेजात. कॉल सेंटरमधल्या तरुणांवरचा ‘जॉन अँड जेन’ (२००५) हा त्यांचा माहितीपट गाजला होता. त्याच्याही आधीपासून त्यांच्या डोक्यात सी-ग्रेड सिनेमावाल्यांवर माहितीपट करायचा विचार होता. त्यासाठी ते या लोकांच्या सेटवर गेले आणि त्यांच्यात वावरले.

अडचण उघड होती. जो धंदाच बेकायदा, त्यातला माणूस कॅमेऱ्यासमोर बोलणार कसा? गप्पा मारायला सगळे तयार असत, पण कॅमेऱ्यापुढे यायचं म्हटलं की नकार. शेवटी जमवलेली माहिती, ऐकलेले किस्से आणि पाहिलेल्या जागा घेऊन अहलुवालियांनी कथापट लिहिला.

हे कळलं की सिनेमाची चाल समजते. हा माणूस आधी त्या जगात शिरला, गोष्ट त्याला नंतर सापडली. म्हणूनच त्याचा जीव गोष्टीपेक्षा त्या जगात जास्त रमतो. पुढे २०१७ साली त्यांनी अरुण गवळीवर अर्जुन रामपालला घेऊन ‘डॅडी’ काढला, तिथेही दगडी चाळ आणि गिरणगावाचं वातावरण कथानकापेक्षा जास्त लक्षात राहतं.

कथानकापेक्षा वातावरण मोठं, म्हणजे काय?

साध्या थ्रिलरमध्ये एक प्रसंग दुसऱ्याला ढकलतो. कुणीतरी खोटं बोलतं, ते उघडं पडतं, त्यातून खून होतो, मग तपास. प्रेक्षक ‘पुढे काय’ या दोरीला धरून चालतो.

‘मिस लव्हली’ ही दोरी वारंवार सैल सोडतो. महत्त्वाची घटना कधी पडद्याबाहेर घडते. कधी दोन प्रसंगांमध्ये किती काळ गेला ते सांगितलंच जात नाही. त्याऐवजी कॅमेरा रेंगाळतो तो हॉटेलच्या कोंदट खोल्यांत, लाल-हिरव्या उजेडात, आरशांत, अरुंद बोळांत आणि घामेजलेल्या चेहऱ्यांवर. मध्येच एखाद्या खोट्या भयपटाचा तुकडा येतो. रबरी मुखवटा घातलेलं भूत, किंचाळणारी नटी आणि स्वस्तातलं रक्त. क्षणभर हसू येतं. मग कॅमेरा त्या नटीच्या थकलेल्या चेहऱ्यावर जातो आणि हसू विरतं.

हे सगळं डिजिटल कॅमेऱ्याने नाही, तर फिल्मवर चित्रित केलंय. त्यामुळे चित्राला त्या काळातला खरबरीतपणा आहे. छायाचित्रकार के. यू. मोहनन यांनीच ‘डॉन’ (२००६), ‘तलाश’ (२०१२) आणि पुण्यात घडणारा ‘अंधाधुन’ (२०१८) चित्रित केला. राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या निर्मिती संरचनेत अहलुवालियांसोबत तबाशीर झुत्शी आणि परिचित परळकर यांची नावं आहेत. भिंतींचे रंग, पडदे, टेलिफोन आणि नट्यांचे कपडे पाहून तो काळ जगलेल्या माणसाला ओळख पटते.

आता महत्त्वाचा मुद्दा. विषय अंगप्रदर्शनाचा असूनही सिनेमा स्वतः अंगप्रदर्शन करत नाही. ज्या क्षणी सी-ग्रेड सिनेमा कॅमेरा जवळ नेतो, त्या क्षणी हा सिनेमा नजर दुसरीकडे वळवतो. उत्तेजना हा इथे विकायचा माल आहे आणि तो बनवताना किती कोरडेपणा लागतो ते दाखवण्यात दिग्दर्शकाला रस आहे.

मग प्रेक्षक का भांडतात?

नावडणाऱ्यांचं म्हणणं : पात्रं जवळची वाटत नाहीत. सोनू मनातलं बोलतो, पण तुटक. पिंकी तर शेवटपर्यंत कोडंच राहते. दोन भावांत नेमकं काय बिनसलं ते ताणून समजून घ्यावं लागतं. दिसायला सिनेमा सुंदर आहे, पण मन गुंतत नाही. शिवाय पोस्टर आणि विषय पाहून जो प्रेक्षक आला त्याला हवं ते मिळालं नाही आणि नवाजुद्दीनचे ‘वासेपूर’छाप संवाद ऐकायला आलेल्यालाही हात हलवत परत जावं लागलं.

आवडणाऱ्यांचं म्हणणं : सी-ग्रेडचं जगच तसं तुटक, अर्धवट आणि खोटं आहे. ते गुळगुळीत गोष्टीत बसवलं असतं तर तेही खोटं झालं असतं. सोनूला स्वतःच्या आयुष्यात काय चाललंय ते कळत नाही, मग प्रेक्षकाला सगळं आधीच का कळावं? शिवाय इथे गुन्हेगारी जगाचं कौतुक नाही. कुणी ‘भाई’ होऊन टाळ्या घेत नाही.

दोन्ही बाजूंत थोडं थोडं खरं आहे. पहिल्या अर्ध्या तासात तुटकपणा गुंगवतो. शेवटाकडे, जिथे भावांच्या वैराचा निकाल लागायला हवा, तिथे मात्र तोच तुटकपणा आड येतो, कारण तोवर सोनूबद्दल पुरेशी माया तयार झालेली नसते. सिनेमाची ताकद आणि त्याची कमजोरी एकाच गोष्टीतून आली आहे.

जगभरात हेच भांडण

इरॉटिक थ्रिलर, म्हणजे कामवासना आणि गुन्हा एकत्र गुंफणारा सिनेमा. त्याची मुळं १९४० च्या दशकातल्या अमेरिकी गुन्हेपटांत सापडतात. ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) हा त्यातला नमुना. तोच साचा ‘बॉडी हीट’ने (१९८१) नव्याने वापरला आणि त्याच वाटेने हिंदीत ‘जिस्म’ (२००३) आला. ‘फेटल अट्रॅक्शन’ (१९८७) आणि ‘बेसिक इन्स्टिंक्ट’ (१९९२) यांनी हा प्रकार घराघरांत पोहोचवला. या सगळ्यांत कथानक पक्कं आहे. कोण कुणाला फसवतंय, यावर प्रेक्षक खिळून राहतो.

पण याच प्रकारात कथानक बाजूला सारणारी एक दुसरी वाटही आहे. स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘आईज वाइड शट’ने (१९९९) प्रेक्षकांत अशीच फूट पाडली. जेन कॅम्पियनच्या ‘इन द कट’ (२००३) या सिनेमात मेग रायन होती, खुनांचा तपास होता, पण दिग्दर्शिकेला रस होता तो नायिकेच्या भीतीत आणि इच्छेत. अमेरिकेत प्रेक्षकांची मतं घेणाऱ्या ‘सिनेमास्कोर’मध्ये त्याला ‘एफ’, म्हणजे सरळ नापास शेरा मिळाला. नंतरच्या वर्षांत मात्र अनेक समीक्षकांनी, विशेषतः स्त्री समीक्षकांनी, तो पुन्हा उचलून धरला. ‘मिस लव्हली’ या दुसऱ्या वाटेवरचा प्रवासी आहे.

पिंकीची बाजू कोण सांगणार?

‘मिस लव्हली’त सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे बायकांचं स्थान. नट्या येतात, वापरल्या जातात, नाव बदलतात आणि नाहीशा होतात. सोनूला वाटतं की तो पिंकीला यातून वाचवतोय. पण त्याने तिचं स्वतःच्या मनात एक चित्र बनवलंय आणि तिने त्या चित्रात बसावं अशी त्याची अपेक्षा आहे. भाऊ शरीर विकतो आणि हा स्वप्न विकू पाहतो. पिंकीला काय हवंय हे विचारायचं दोघांनाही सुचत नाही.

हा प्रश्न पुढे पडद्याबाहेरही आला. २०१७ साली नवाजुद्दीनचं ‘अ‍ॅन ऑर्डिनरी लाइफ’ हे आत्मचरित्र आलं. त्यात ‘मिस लव्हली’च्या काळातल्या निहारिका सिंग यांच्याशी असलेल्या संबंधांचं वर्णन होतं. निहारिका यांनी त्याला जाहीर आक्षेप घेतला. सुनीता राजवार यांनीही त्यांच्याबद्दलच्या मजकुरावर हरकत घेतली. अखेर नवाजुद्दीनने माफी मागून पुस्तक मागे घेतलं. बाईची गोष्ट तिला न विचारता कुणी सांगायची, हा सिनेमातला सवाल त्याच सिनेमातल्या कलाकारांपुढे उभा राहिला होता.

तो धंदा आज कुठे आहे?

सिनेमात दाखवलेलं जग तेव्हाच कलायला लागलं होतं. १९८० च्या दशकात व्हीसीआर आला आणि अंधाऱ्या थिएटरात लपून जाण्याची गरज कमी झाली. हाच काळ प्रेक्षकाच्या बाजूने पाहायचा असेल तर रवी जाधव यांचा ‘बालक-पालक’ (२०१३) पाहावा. चाळीतली पोरं भाड्याने आणलेल्या कॅसेटवर जे पाहतात, ते बनवणाऱ्यांच्या हालअपेष्टा ‘मिस लव्हली’त आहेत. एक नाण्याची हसरी बाजू, दुसरा काळी. पुढे केबल, मग सीडी आणि शेवटी मोबाइल आला. रिळं गेली, डिजिटल प्रक्षेपण आलं, तशी ‘बिट’ जोडण्याची जागाच उरली नाही.

२०२३ साली अ‍ॅमेझॉन प्राइमवर आलेल्या ‘सिनेमा मरते दम तक’ या माहितीपट मालिकेत विनोद तलवार, दिलीप गुलाटी असे त्या काळचे दिग्दर्शक कॅमेऱ्यासमोर मोकळेपणाने बोलले. अहलुवालियांना माहितीपट करताना जे मिळालं नव्हतं, ते धंदा संपल्यावर मिळालं. आता गमावण्यासारखं कुणाकडे काही उरलेलं नव्हतं.

पाहावा की नाही?

वेगवान थ्रिलर हवा असेल तर ‘मिस लव्हली’ निराश करेल. चाळवणारं काही शोधत असाल तर त्याहून जास्त. पण रात्रीच्या वेळी, फोन बाजूला ठेवून, एका बुडालेल्या जगात दोन तास फिरून यायची तयारी असेल तर हा सिनेमा पाहण्यासारखा आहे. पहिल्यांदा गोष्ट निसटली तरी हरकत नाही. ती लाल खोली, ते रबरी भूत आणि त्यामागचा नटीचा थकलेला चेहरा मात्र बरेच दिवस डोळ्यांसमोरून हलत नाही.